काचेच्या गाळाचा पंप

तिसरा पंप बुधवारी सकाळी बंद पडला. त्याआधी दोन दिवस तो कुरकुरत होता आणि उदयसिंह मुळीक दोन दिवस ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. नऊच्या सुमारास शाफ्टपाशी बारीक चिळकांडी उडाली, मोटर मोकळीच घुमायला लागली आणि वरच्या टाकीत पडणारी धार आधी बोटाएवढी झाली, मग थांबली.

"अहो, धुलाई बंद करा! हौद भरून राहिलाय!" त्याची बायको रुपाली काच निवडायच्या पट्ट्यावरून ओरडली.

महूच्या रस्त्यावरून आत वळलं की टेकाडाच्या उतारावर मुळीकांची पत्र्याची शेड होती. शहरातल्या घराघरांतून वेगळी निघालेली फुटकी काच ट्रकनं तिथं यायची. रुपाली आणि नऊ बायका पट्ट्यावर बसून झाकणं, प्लास्टिक, चिनीमातीचे तुकडे निवडायच्या. मग काच ठेचायची, ड्रममध्ये धुवायची आणि भट्टीवाल्यांना पाठवायची. धुतलेलं करडं पाणी खालच्या हौदात उतरायचं, त्यात लेबलांचा लगदा आणि तळाला काचेची कणी. पंपानं ते वरच्या तीन टाक्यांत चढवायचं, तिथं गाळ बसला की वरचं पाणी पुन्हा धुलाईला घ्यायचं. हौद आणखी खोल करावा तर हातभर खाली काळा कातळ. त्यामुळे पंप थांबला की ड्रममधलं आणि चढत्या पाइपातलं सगळं पाणी हौदात, आणि हौदाच्या काठावरून थेट खालच्या शेतात, बद्रीलालच्या लसणात.

बादल्या घेऊन सगळ्या धावल्या. रुपाली मांडीपर्यंत हौदात उतरली. उदयसिंहची आई जनाबाई, वय अडुसष्ट, तीही पदर खोचून रांगेत उभी राहिली. तासभर उपसा करूनही लसणाच्या वरच्या दोन सऱ्या करड्या झाल्याच.

बद्रीलाल बांधावर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर उदयसिंहलाही ओरडता आलं असतं. त्याच्यामागे त्याची सून रामकन्या होती, डोक्यावरून पदर ओढलेला, उजव्या हाताची दोन बोटं चिंधीनं बांधलेली.

"दिखा दे इनको," बद्रीलाल म्हणाला.

तिनं चिंधी सोडली. तर्जनी सुजून तकतकीत झाली होती, नखाच्या कडेला पिवळं साचलं होतं. मागच्या खेपेला पाणी उतरलं तेव्हाची काच होती ती. लसूण दाट असतो, त्यातलं तण हातानंच काढावं लागतं.

"आठ दिन से आटा नहीं गूँदा मैंने," ती पदराआडून रुपालीकडे बघून म्हणाली. "सास गूँदती है और सुनाती है."

"खेत में हाथ नहीं डाल सकते तो खेत किस काम का, भिया?" बद्रीलालनं विचारलं.

तोवर गावातली दोन-तीन जाणती माणसं जमली होती. उदयसिंह चिखलानं कमरेपर्यंत माखला होता आणि अशा अवस्थेत माणूस नको तितकं बोलून जातो. त्याचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, हे त्याला कोणी सांगायची गरज नसायची. तो म्हणाला, "बद्री भिया, नया पंप लगाऊँगा. उसके बाद एक बार भी पानी उतरा तो पैनल की चाबी तुम्हारे हाथ में. मशीन बंद. मेरी जबान है."

"सबने सुना है," बद्रीलाल म्हणाला आणि सुनेला घेऊन गेला.

रुपालीनं हौदातून बाहेर येत नवऱ्याकडे पाहिलं. "बंद पडलं तर आपण काय करायचं, ते पण सांगून टाकायचं होतं ना."

उदयसिंहची कापडगिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरातलं सगळं या शेडवरच चालत होतं. गेल्या दोन वर्षांत तर रुपालीनं भावाकडे जाणंही सोडलं होतं, पट्टा थांबू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह झिजलेला इंपेलर, पंपाच्या आतलं पात्यांचं चाक, पिशवीत घालून शहरात पोलोग्राउंडला गेला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये चिंतामण काका रोज सकाळी बसायचे. सत्तरी गाठलेली, आयुष्य पंपांच्या कंपनीत गेलेलं, आता लोक पंप दाखवायला त्यांच्याकडे यायचे, वैद्याकडे यावं तसे. काकांनी इंपेलर हातात घेतला. पाती कुरतडल्यासारखी झाली होती, एका जागी आरपार भोक.

"हा विहिरीचा पंप आहे रे उदय. मिनिटाला एकोणतीसशे चक्कर. स्वच्छ पाण्याला ठीक आहे. ह्यातून काच पळवलीस? अरे, वेग दुप्पट केला तर झीज दुप्पट नाही होत, कितीतरी पट होते."

"मग मोठा घेऊ? दहा हॉर्सपॉवर?"

"हॉर्सपॉवरचं काय धरून बसलायस! पहिले मला सांग, पाण्यात आहे काय? कण केवढा, टोकदार की गोल, दहा लिटरमध्ये किती किलो? मतलब, जेवणारा कोण आहे ते कळल्याशिवाय ताट कसं वाढू?"

उदयसिंहला यातलं एकही सांगता आलं नाही. काकांनी मग नमुना मागितला. हौद तळापासून ढवळायचा आणि ढवळत असतानाच भरायचा. रविवारी वर्कशॉप बंद असतं, तेव्हा छत्रीबागेत त्यांच्या घरी आणून द्यायचा.

रविवारी सकाळी काचेचा ट्रक आला. उदयसिंह माल उतरवून घेण्यात गुंतला. त्यानं आईला सांगितलं, "आई, काकांसाठी बरणी भरून ठेव. तळापासून ढवळ, बरं का."

जनाबाईनं मुरांब्याची रिकामी बरणी राखेनं घासली, उन्हात वाळवली. मग बांबूनं हौद तळापासून ढवळला, खांदे दुखेपर्यंत ढवळला, आणि बरणी भरली. इथपर्यंत सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. मग तिनं बरणी उजेडात धरली. आत काळपट गदळ फिरत होतं. काचेच्या कण्या तळाशी खडखडत होत्या. आणि वर तरंगत होते दारूच्या बाटल्यांवरच्या लेबलांचे तुकडे. एकावर तर अर्धा घोडा आणि कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

हे छत्रीबागेत पाठवायचं? चिंतामणरावांच्या घरी? त्यांची बायको रमाबाई मराठी शाळेत हेडमास्तरीण होती. बरणी तीच दारात घेणार. मुळीकांच्या घरून दुसऱ्याच्या घरी आजवर भांडं गेलं ते घासून, झाकून, फडक्यानं बांधून.

तिनं जुन्या धोतराचं फडकं काढलं, दुहेरी केलं आणि बरणीतलं पाणी गाळलं. फडक्यात काचेची मूठभर कणी आणि लगदा राहिला, तो तिनं ढिगावर झटकला. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा एकदा गाळलं. आता बरणीत दुधट करडं पाणी होतं, कोणाच्याही दारात नेता येईल असं. झाकण लावून वर फडकं बांधून तिनं ते मुलाच्या हातात दिलं.

छत्रीबागेत काकांनी बरणी हलवली, खिडकीत ठेवली, चहा होईपर्यंत बसू दिली. मग तळाचा थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळला.

"हे तर पीठ आहे रे. अगदी मऊ." त्यांनी पुन्हा चोळून पाहिलं. "तळातून घेतलं ना?"

"हो काका. आईनं स्वतः ढवळून भरलं."

"मग सोपं आहे. बारीक कणाला रबर चांगलं. रबर दबतं, कण उडून जातो, घासत नाही. रबराचं अस्तर असलेला एक पंप आपल्याकडे तयारच पडलाय. हळू चालणारा." काका खुश झाले होते. त्यांना मनात एकदा वाटलं की जाऊन हौद बघावा, पण गुडघे दुखत होते आणि पंप तयार होता.

पंप बसला. पहिल्या पंपांपेक्षा दुप्पट मोठा, पट्ट्यानं फिरणारा, आणि आवाज इतका कमी की पहिले दोन दिवस रुपाली उठून उठून बघून यायची की चालू आहे ना. वरच्या टाकीत मनगटाएवढी धार पडत होती. उदयसिंह जेवताना दोन घास जास्त खाऊ लागला. बद्रीलाल बांधावरून जाता-येता हौदाकडे नजर टाकून पुढे जायचा. रामकन्येचं बोट बरं होत आलं होतं, तिनं पुन्हा निंदायला सुरुवात केली होती.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला पंपातून काहीतरी थपथप आपटल्याचा आवाज आला. धार तुटक झाली. उदयसिंह धावला तोवर पंपाच्या पोटाला बोटभर भोक पडून करडं पाणी बाहेर फवारत होतं. पुन्हा बादल्या, पुन्हा रांग. रुपाली घसरली आणि तिच्या कोपराला खरचटलं. हौद भरला, काठावरून वाहिला आणि या खेपेला चार सऱ्या करड्या झाल्या.

बद्रीलाल आला. उदयसिंहनं त्याला बोलूच दिलं नाही. पॅनलला कुलूप लावलं, खाली उतरला आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. ते सगळ्या बायकांनी पाहिलं. त्या डबे घेऊन दुपारच्या आत घरी गेल्या.

चिंतामण काका दुसऱ्या दिवशी रिक्षानं आले. गुडघे धरत उतारावरून खाली आले. उदयसिंह वाटच पाहत होता.

"काका, तुमच्या भरवशावर मी जबान दिली होती. नऊ दिवस! विहिरीचा पंप तरी पंधरा दिवस चालत होता."

"पहिले उघडू तरी दे."

बोल्ट काढले. रबराचं अस्तर बाहेर आलं ते चिंध्या चिंध्या होऊन. काकांनी एक चिंधी उलटी केली तर तिच्यात काच रुतून बसली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, हिरवी, तपकिरी, पांढरी. त्यांनी एक तुकडा नखानं काढून तळहातावर ठेवला.

"उदय, हे बरणीत नव्हतं."

"असं कसं नव्हतं? हौद तोच, पाणी तेच!"

"नव्हतं. मी चोळून पाहिलंय. अशी काच असती तर माझं बोट कापलं असतं. आणि ह्याला मी रबर जन्मात दिलं नसतं."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो काय?"

जनाबाई चहा घेऊन उभी होती. तिनं ताटली पिंपावर ठेवली.

"मी गाळलं होतं," ती म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही.

"दोनदा गाळलं. धोतराच्या फडक्यानं. त्यात दारूची लेबलं होती, घाण होती. रमाबाईंच्या हातात असलं कसं द्यायचं? मला वाटलं, पाणी बघायचंय, पाणी तर आहेच."

उदयसिंहला ओरडायचं होतं. तो शेडच्या मागे जाऊन उभा राहिला. जनाबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. उभ्या आयुष्यात नीटनेटकेपणावरून तिला कोणी बोल लावला नव्हता, आणि आज त्याच नीटनेटकेपणानं घराचं काम बंद पाडलं होतं.

काकांनी तिच्या हातचा चहा घेतला, पूर्ण प्यायले, मग म्हणाले, "जनाबाई, चूक निम्मी माझी आहे. बरणी बघून कोणी पंप ठरवतं का? मी त्याच दिवशी इथं यायला हवं होतं. आळस केला." मग आवाज चढवून, "उदय! बादली आण. आज मी स्वतः भरतो."

त्यांनी रुपालीला हौद ढवळायला लावलं आणि ढवळतानाच दहा लिटर भरून घेतलं. गाळ कापडावर काढून उन्हात पसरला, वाळल्यावर काट्यावर तोलला. दीड किलो. वर्तमानपत्रावर पसरून काडीनं कण वेगळे केले, मोठे, मधले, पीठ. जनाबाई शेजारी बसून बघत होती. तिला प्रत्येक तुकडा ओळखीचा वाटत होता.

"ह्याला क्रोमवाला कडक लोखंडी पंप लागतो," काका म्हणाले. "टोकदार काच रबराला चिरते, कडक धातूला फक्त घासते. मोठं चाक, कमी चक्कर. हौदाच्या तोंडाशी जाळी, म्हणजे लगदा आणि मोठे तुकडे वरच थांबतील. आणि हा चार इंची पाइप काढून तीन इंची टाक. तुझ्या पाइपात पाणी रमतगमत जातं, त्यामुळे काच आतच बसते. पण ओतून, घासून, तयार व्हायला वीस दिवस जातील. आणि तोही अमर नाही. दर महिन्याला उघडून बघायचा. मी मरेपर्यंत मी येईन, नंतर तू."

वीस दिवसांचे तेवीस झाले. त्या दिवसांत उदयसिंहनं हौदाभोवती दगडाचा गुडघाभर काठ बांधला. रुपाली त्याला दगड देत होती. दोघं कामापुरतं बोलत. जनाबाईशी तो नीटच बोलायचा, जरा जास्तच नीट, आणि तिला तेच लागायचं.

पंप बसला. पण चावी बद्रीलालकडे होती. उदयसिंह दोनदा गेला. बद्रीलालनं खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि चावी दिली नाही.

"पिछली बार भी नया ही था, भिया. तुम कहते हो रबर, तुम कहते हो क्रोम. मेरे को क्या समझे? मेरी बहू की उँगली समझती है मेरे को."

तिसऱ्या दिवशी जनाबाई एकटी गेली. आत बसली नाही, अंगणातच उभी राहिली. तिची हिंदी मोडकी होती आणि घाईत आणखी मोडायची.

"बद्री भाई, वो पंप मेरे कारण गया. मैंने पानी छान के दिया था. गंदा दिखाने की शरम आई मेरे को." परक्या माणसाला एवढं सांगून ती त्याच दमात पुढे म्हणाली, "अब नीचे की सब सारियाँ मैं निंदेगी. लसण निकलेगा तब तक. नंगे हाथ से. मेरे को काँच लगी तो मशीन बंद."

बद्रीलालनं घराकडे पाहिलं. दारात रामकन्या उभी होती. तीच बोलली, "पुराना काँच भी तो है खेत में. लगेगा ही."

"लगेगा तो बताऊँगी."

"कौन बताता है, माजी."

मग रामकन्या आत जाता जाता म्हणाली, "कल आठ बजे आ जाना. खुरपी अपनी लाना."

असं ठरलं की चावी बद्रीलालकडेच राहील. सकाळी तो पॅनल उघडायचा, संध्याकाळी येऊन कुलूप लावायचा. स्वतःच्या शेडपुढे कुलूप उघडायची वाट बघत उभं राहणं उदयसिंहला जड जायचं. तो त्या वेळी ग्रीसचा डबा हातात घेऊन काहीतरी कामात असल्यासारखं करायचा.

जनाबाई रोज आठला सऱ्यांत बसायची. शेजारच्या सरीत रामकन्या. पहिले दोन दिवस गुडघे वळेनात, तिसऱ्या दिवशी कंबर धरली. लसणाची पात ओली असायची, बोटांना वास लागायचा तो रात्री जेवतानाही जायचा नाही. जुन्या काचेचे तुकडे दिसत ते दोघी डब्यात टाकत. वर पंप सारखा घुंघुं करत होता आणि जनाबाईचा एक कान तिकडेच असायचा.

सहाव्या दिवशी, दहाच्या सुमारास, मुळाशी बोटं घालून तण उपटताना तिच्या मधल्या बोटाला चटका बसला. तिनं हात काढला. पेराशी बारीक चीर, आणि रक्त आलं ते लगेच नाही, जरा थांबून. तिची मूठ आपोआप मिटली. रामकन्या पाठमोरी होती. पदराला पुसलं असतं तर कोणाला कळलं नसतं. दहाच्या दहा बायका आजच पुन्हा पट्ट्यावर बसल्या होत्या. रुपाली सकाळी कित्येक दिवसांनी हसली होती.

जनाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली.

"उदय!" तिनं उताराकडे तोंड करून हाक मारली. आवाज फाटला. "उदय, बंद कर! मला लागलीय!"

वर कोणीतरी काहीतरी विचारलं. मग पट्टा थांबला, धुलाई थांबली, आणि शेवटी पंपही थांबला. शेडमधून बायका बाहेर येऊन रांगेनं उभ्या राहिल्या. उदयसिंह काठावर आला. बद्रीलाल विहिरीकडून चालत यायला लागला.

"दिखाओ," रामकन्या म्हणाली.

जनाबाईनं हात पुढे केला. रामकन्येनं बोट पाहिलं, दाबलं, मग खाली बसून तीच माती खुरप्यानं हलकेच उकरली. काच निघाली. तपकिरी, नखाएवढी. लसणाच्या पांढऱ्या मुळ्या तिच्याभोवती गुंडाळून पार पलीकडे गेल्या होत्या. रामकन्येनं एकेक मुळी सोडवली, काच उजेडात धरली आणि डब्यात टाकली.

"जड़ें लिपट गई हैं इसपे. पुराना है. मेरे टाइम का," ती म्हणाली.

तिनं स्वतःच्या पदराची कड दातानं फाडली, जनाबाईचं बोट करकचून बांधलं आणि उभी राहिली. सासरा बांधावर पोचला होता. त्याच्याकडे न बघता तिनं वर उदयसिंहला हाक दिली.

"चालू करो, भिया!"

मग ती जनाबाईकडे वळून म्हणाली, "बैठो माजी. अभी दो सारी बाकी हैं."